टाळेबंदी, बाधित, विचारपूस: लॉकडाऊनमधले काही शब्द

प्रश्न: लॉकडाऊनला 'टाळेबंदी' म्हणणं बरोबर आहे का? 2020 मध्ये छापील मराठीत हा शब्द सर्रास दिसायचा, पण घरात कोणाच्या तोंडी तो बसलेला ऐकला नाही. दुसरं, विलगीकरण आणि अलगीकरण एकच का? आणि 'बाधित' हा शब्द मला एकट्यालाच खटकतो का?

उत्तर: टाळेबंदी मूळची कारखान्यातली. संप कामगारांचा, टाळेबंदी मालकाची. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या 'लॉकआऊट'ला मराठीत हाच शब्द वापरतात. तिथे कुलपामुळे माणसं बाहेर राहतात, लॉकडाऊनमध्ये माणसं आत. अर्थ पुरता उलटा झाला, मग घरात कोण म्हणणार? शिवाय 'कंपनीची टाळेबंदी' आणि 'कंपनीचा ताळेबंद' यांत घोळ व्हायला एक घाईतला मुद्रितशोधक पुरे.

संचारबंदी म्हणजे कर्फ्यू, बाहेर फिरायलाच मनाई. जमावबंदीत पाच किंवा अधिक जणांनी एकत्र यायचं नाही, एकट्याने फिरायला हरकत नसते. लॉकडाऊन या दोन्हींत पुरता मावत नाही. मी लॉकडाऊनच लिहितो. त्याला क्रियापद बघा किती अस्सल मिळालं: लॉकडाऊन 'लागला'. ग्रहण लागतं, सुतक लागतं, आचारसंहिता लागते, तसाच. ज्यात आपलं काही चालत नाही ते मराठीत लागतं. फक्त ग्रहण सुटतं, सुतक फिटतं आणि लॉकडाऊन 'उठतो'. तेवढं त्याने बंदीकडून घेतलं.

उत्तर: विलगीकरण आजाऱ्याचं, अलगीकरण संपर्कात आलेल्याचं, असा परिभाषेतला फरक. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ झाली आणि बोलण्यात दोन्ही गेले, 'क्वारंटाईन' राहिला. त्याच्या मुळाशी इटालियनमधले चाळीस दिवस आहेत. क्रोएशियातल्या आजच्या दुब्रोव्हनिक बंदरात 1377 साली साथीच्या गावाहून येणाऱ्यांना आधी महिनाभर अडवत, पुढे मुदत वाढून चाळीसवर गेली. तेव्हा 'चौदा दिवस क्वारंटाईन' हा व्युत्पत्तीने विनोदच. पण मराठीने तो विशेषणासारखाही वापरला: "काका क्वारंटाईन आहेत." अलगीकरणाला हे जमलं नसतं.

उत्तर: 'बाधित' खटकतो, कारण कानाला आधी भूतबाधा आणि 'बाहेरची बाधा' ऐकू येते. तरी शब्द चुकीचा नाही; प्रकल्पबाधित आपण आधीपासून म्हणतोच. आणि ज्याला काहीच होत नाही, फक्त तपासणीत विषाणू सापडलाय, त्याला 'रुग्ण' म्हणणं अवघड. तिथे 'बाधित' उपयोगी पडतो.

मला जास्त खटकतं ते 'निघाला'. "तिसऱ्या मजल्यावरचे पॉझिटिव्ह निघाले." मराठीत माणूस चोर निघतो, लबाड निघतो, आंबा नासका निघतो. म्हणजे आतापर्यंत लपवलेलं उघडं पडलं. स्वतःच्या घराबद्दल मात्र तीच माणसं म्हणत, "आमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला." आला तो रिपोर्ट, आम्ही नव्हे! आणखी एक पळवाट म्हणजे रोगाचं नावच न घेणं: "त्यांच्याकडे आहे म्हणे." काय आहे ते विचारायची गरज नसे.

उत्तर: याला जोडून 'चौकशी' घ्या. "शेजारच्यांनी चौकशी केली" हे वाक्य एरवी मायेचं. लॉकडाऊनमध्ये त्याच वाक्यात पोलिसी अर्थ डोकावू लागला: कुठे गेला होतात, कोण आलं होतं, खोकतंय कोण. डबा दाराशी ठेवून बेल वाजवणाऱ्याने केली ती विचारपूस, आणि दाराच्या भिंगातून जिन्यावरचे पाहुणे मोजणाऱ्याची ती चौकशी. मी तरी हे दोन शब्द आता एकमेकांच्या जागी वापरत नाही.

'सामाजिक अंतर'ही टाळावा. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च 2020 मध्येच 'शारीरिक अंतर' अशा अर्थाचा शब्द पुढे केला, कारण गॅलरीतून गॅलरीत गप्पा चालूच राहाव्यात अशी अपेक्षा होती. आपल्याकडे तर सामाजिक अंतर म्हटलं की जात आठवते, आणि ते अंतर हातभर नसतं.

प्रश्न: आणि मुखपट्टी?

उत्तर: अर्थ चोख, पण छापण्यापुरती. घरात मास्कच. आमच्याकडे आजी 'मुसकं' म्हणते, मळणीच्या बैलाला बांधतात ते. तोंड बांधून खाण्यावर बंदी आली, हा भाव मुखपट्टीत कुठून आणणार?