मदत हवी आहे: सासूबाईंना उठवताना कंबर धरते, मानही अवघडली आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही धायरीला राहतो, माझं वय ४४. यंदा फेब्रुवारीत सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली. आता बोलतात, उजव्या हाताने जेवतात, पण दिवाणावरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासला न्यायला माणूस लागतं. नवरा सकाळी साडेसातला हिंजवडीला निघतो तो रात्री आठला घरी. मधल्या वेळेत मीच.

गेल्या मंगळवारी त्यांच्या काखेत हात घालून उभं करत होते, तेवढ्यात पाठीत अशी उसण भरली की दोघी तशाच दिवाणावर बसलो. "माझ्यामुळे झालं गं" म्हणून त्या रडायला लागल्या. पाठीपेक्षा तेच जास्त लागलं.

मानेचं दुखणं आधीपासूनच आहे. दुपारी त्या झोपल्या की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून हिशेबाचं काम करते, मान खाली घालून दोन-अडीच तास. शिवाय सिंहगड रोडवरचे स्कूटरचे दणके.

आमच्या डॉक्टरांनी पाय सरळ वर उचलून पाहिला, पावलांची ताकद पाहिली. नस दबल्याचं लक्षण नाही, स्नायू आखडलाय, एमआरआयची आत्ता गरज नाही म्हणाले. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि झोपून राहू नका, झेपेल तेवढं चालत राहा असं बजावलं. घरात मात्र प्रत्येकाचं वेगळं. मावशी म्हणते, पंधरा दिवस सतरंजीवर पडून राहा. शेजारच्या काकूंनी पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायला सांगितलंय. भाऊ म्हणतो, पार्लरमध्ये मान मोडून घे, त्याला सलूनमध्ये बरं वाटलं होतं. कमरेचा पट्टा आणलाय, लावला की धीर येतो म्हणून दिवसभर लावते.

ब्युरोतून बाई बघतोय, पण मिळेपर्यंत उठवायचं मलाच आहे. ज्यांनी घरी असं केलंय त्यांनी सांगा, माणसाला उठवायचं नेमकं कसं? आणि पट्टा किती वेळ लावायचा?

प्रतिसाद

ताई, मी वडिलांचं साडेतीन वर्षं केलं. काखेत हात घालून उचलणं आजपासून बंद करा. तुमच्या कमरेसाठी तर आहेच, पण लुळ्या बाजूचा खांदा सैल असतो, ओढला की निखळू शकतो.

आधी त्यांचे गुडघे दुमडा आणि त्यांना तुमच्याकडे कुशीवर वळवा. मग पाय दिवाणाखाली सोडा आणि त्याच वेळी खांद्यामागे हात देऊन वर घ्या. पाय खाली जातात तसं अंग आपोआप वर येतं, निम्मं वजन तिथेच हलकं होतं. बसल्यावर लगेच उभं करू नका, मिनिटभर थांबा, चक्कर येते का विचारा.

खुर्ची त्यांच्या उजव्या, चांगल्या बाजूला लावा. त्यांना दिवाणाच्या कडेला सरकवा, पावलं जमिनीवर टेकलेली हवीत. तुमचा गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्यासमोर. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. त्यांना पुढे वाकायला सांगा, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं, आणि "एक, दोन, तीन" म्हणून दोघींनी एकदम. तुमचे पाय फाकलेले, गुडघे थोडे वाकलेले. वळताना पावलं टाकत वळा. मला ही सवय लागायला आठवडा गेला, कारण आपण सगळ्या जणी पाय जागेवर ठेवून कंबरच पिळतो. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून समोर करून घ्या.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरचं बरोबर आहे. तुमचा स्वतःचा कमरेचा पट्टा फक्त उचलायच्या वेळी लावा, दिवसभर लावला तर पाठीचे स्नायू आळशी होऊ शकतात. डॉक्टरांचं ऐका, पडून राहू नका. गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा-वीस मिनिटं शेका. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून पडदा डोळ्यांच्या रेषेत आणा, कीबोर्ड वेगळा घ्या, अर्ध्या तासाने उठा.

मान मात्र कुणाकडूनही मोडून घेऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन वाहिन्या मानेच्या मणक्यांतून जातात. झटक्याने त्यांना इजा झाली तर सासूबाईंना झालं तेच तुम्हाला होऊ शकतं. आणि पाऊल उचलेनासं झालं, मांड्यांच्या मधे बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. भावाला फोन करून तोही पुन्हा मान मोडून घेणार नाही असं वदवून घेतलं. काल नवऱ्यासमोर चार वेळा सराव केला, "एक, दोन, तीन" आता सासूबाईच म्हणतात. एक अडचण राहिली. दिवाण फारच बुटका आहे, अंथरूण-कपडे बदलताना मला वाकावंच लागतं. पायांखाली लाकडी ठोकळे दिले तर तो हलणार नाही ना, की उंची कमी-जास्त करता येणारी कॉट भाड्याने आणावी? धायरी-नऱ्हे भागात कुणी आणली असेल तर कृपया कळवा.