सायकल मारून मोठा धावपटू घडतो का?

घाटवाला: काल यवतेश्वरचा घाट उतरताना यावरनंच जोरात वाद झाला म्हणून इथं टाकतोय. पुतण्या १९ वर्षांचा, ५००० मीटर पळतो, नडगीला दोनदा स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या माऱ्यानं हाडाला जाणारी बारीक चीर) झालंय. माझं म्हणणं, आठवड्यातनं तीनच दिवस पळायचं, बाकी सायकल नि पोहणं. अमेरिकेची पार्कर व्हॅल्बी बघा, दुखापतींमुळं दोन-तीन दिवसच पळायची, बाकीचा दम आर्क ट्रेनर मशीनवर (पायाला दणका न बसता पळल्यासारखा व्यायाम देणारं) काढायची, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरला अकरावी आली!

माणदेशी: नाही पटलं दादा. हृदय-फुफ्फुसं सायकलनं तयार होतात, मान्य. पण पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट मार बसतो, तो सोसायला हाड, पोटरी, टाचेची शीर पळूनच शिकते. केनियाचा मॅरेथॉनवाला किपचोगे आठवड्याला २०० किलोमीटरच्या आसपास पळायचा ते काय उगाच? आपल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे नि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) फायनलला गेली, पाण्यात उडी घेतल्यावर पायाला बसणारा दणका सायकलवर कुठनं आणणार?

घाटवाला: अहो पण हाडच मोडलं तर २०० किलोमीटर पळणार कोण? अमेरिकेच्या जोन बेनॉइटचं १९८४ ला ऑलिंपिक निवडीच्या मॅरेथॉनच्या, म्हणजे ट्रायलच्या, १७ दिवस आधी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हातानं पॅडल मारून दम टिकवला, ट्रायल जिंकली आणि मग लॉस एंजेलिसला महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २:२४:५२ मध्ये मारली.

माणदेशी: टिकवला, बरोबर बोललात. १९८३ लाच बोस्टनला २:२२:४३ चा विश्वविक्रम केला होता तिनं, ते पाय वर्षानुवर्षं पळून झालेले. तुमच्या पोराचे अजून व्हायचेत.

कोरेगावकरीण: तुम्ही दोघं मशीनवरनं भांडताय, पण दोनदा तेच हाड गेलं तर आधी पोराचं ताट बघा ना. माझा भाऊ पहाटे नुसत्या चहावर १५ किलोमीटर पळायचा, दुपारी कॉलेजात वडापाव, वजन उतरत चाललेलं आणि आम्हाला वाटायचं फिट होतोय! पुरतं खाणं नसेल तर हाड भरून येत नाही, मग सायकल मारा नाहीतर पोहा. ड जीवनसत्त्व तपासलंय का?

घाटवाला: नाही तपासलं ताई. हे डोक्यातच आलं नव्हतं, सकाळी तोही उपाशीच जातो.

माणदेशी: मग आधी तेच करा. आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मातीच्या मैदानावर थोडं थोडं वाढवा, सायकल राहू दे जोडीला, तिच्यावर माझा राग नाही. पण पळणं कायमचं तीन दिवसांवर आणू नका हो.

घाटवाला: सोमवारी रक्त द्यायला नेतो. तीन दिवसांचं मात्र अजून सोडलेलं नाही मी, व्हॅल्बीला जमलं ना.