शब्द कळत नसतील, तरी गाणे जगले असे म्हणावे का? (लुईझियानाचे केजन आणि क्रिओल संगीत)

दक्षिणवारा
मी ह्यूस्टनला राहतो आणि सवड मिळाली की शेजारच्या लुईझियाना राज्याच्या नैऋत्य भागात जातो. तिथे केजन (कॅनडातून आलेल्या फ्रेंच भाषकांचे वंशज) आणि क्रिओल (तिथलेच फ्रेंच वा क्रिओल बोलणारे, बहुतांशी कृष्णवर्णीय लोक) राहतात. तिथल्या एका गावात शनिवारी सकाळी वादकांची बैठक भरते; ज्याला वाजवता येते, तो खुर्ची ओढून बसतो. गेल्या खेपेस माझ्या शेजारचा विशीतला मुलगा फ्रेंच वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या ठेक्याचे नाचगाणे) गात होता. आवाज टिपेचा, किंचित रडवेला, जसा त्या गाण्याला हवा तसा. गाणे संपल्यावर मी दुसऱ्या कडव्याचा अर्थ विचारला, तेव्हा त्याने फोन पुढे केला. शब्द ऐकू आले तसे, इंग्रजी स्पेलिंगने लिहून ठेवलेले होते. अर्थ आजोबांना ठाऊक होता, म्हणाला, आणि आजोबा आता नाहीत.

हे कसे घडले ते सर्वज्ञात आहे. 1921 च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजीची सक्ती केली, फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या आणि ती मुले आईबाप झाल्यावर त्यांनी आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणे सोडले. संगीताला पुढे मान मिळाला: 1964 मध्ये केजन फिडलवादक डुई बाल्फा आणि त्यांचे सोबती न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून आले, 1974 मध्ये लाफायेटला केजन संगीताची मोठी सभा झाली आणि तिचाच पुढे वार्षिक महोत्सव झाला. फ्रेंचच्या प्रसारासाठी राज्याने 1968 मध्येच ‘कोडोफिल’ ही संस्था स्थापन केली होती. तरीही घरातली भाषा परतली नाही. म्हणून माझे मत असे, की पैसा आणि श्रम आधी भाषेवर खर्च व्हावेत. इंग्रजीत गायला जाणारा झायडेको (क्रिओलांचे अकॉर्डियनवरचे नाचाचे संगीत) ऐकायला छान असेल, पण त्याला या परंपरेचा वारस म्हणणे मला जड जाते.

अनवट
वारस कोण हे ठरवण्याचा अधिकार ह्यूस्टनहून गाडीने येणाऱ्या श्रोत्याला कधी मिळाला? ‘झायडेको’ हे नावच घेवड्याच्या शेंगांसाठी असलेल्या ‘लेझारिको’ या फ्रेंच शब्दावरून आले, असे बहुतेक जाणकार मानतात. ‘शेंगांत मीठ नाही’ ही जुन्या गाण्यांतली ओळ; म्हणजे खारवलेल्या मांसाचा तुकडा टाकण्याइतकीही ऐपत नाही, अशी ती तक्रार. घरोघरच्या ‘ला-ला’ नाचांत वाजणारे ते संगीत क्लिफ्टन शेनिअर यांनी क्लबात नेले. त्यांनी छोट्या बटणांच्या अकॉर्डियनऐवजी पियानो अकॉर्डियन घेतले, त्यात ब्लूज मिसळला आणि कपडे घासण्याच्या फळीला खांदे जोडून ती अंगात घालता येईल असा, घासून ठेका देण्याचा पत्र्याचा ‘फ्रोत्वार’ 1946 मध्ये घडवून घेतला. त्या काळी शुद्धतेचे रखवालदार असते, तर त्यांनी शेनिअर यांनाही दारातच अडवले असते.

आज कृष्णवर्णीय क्रिओल तरुण घोड्यांवरून ‘ट्रेल राइड’ला जातात आणि संध्याकाळी शेतात झायडेकोवर नाचतात. बोल पुष्कळदा इंग्रजीच असतात, पण तिथे कोणी अनुदानाची वाट पाहत बसलेले नसते. शिवाय आपल्याकडे खयालाच्या मैफलीत ब्रज भाषेतल्या बंदिशीचा प्रत्येक शब्द किती मराठी श्रोत्यांना कळतो? म्हणून खयाल मेला असे कोणी म्हणत नाही.

दक्षिणवारा
खयालाचा दाखला येथे लागू पडत नाही. बंदिशीचे शब्द दोन ओळींचे, त्यांवर तासभर राग उभा राहतो आणि गुरू निदान त्या दोन ओळींचा भाव तरी सांगतो. केजन वॉल्ट्झमध्ये चाल छोटी असते, ती पुन:पुन्हा येते. सारा भार त्या सोडून गेलेल्या प्रेयसीच्या, घरापासून दूर पडलेल्या माणसाच्या कहाणीवर असतो. कहाणीच कळेनाशी झाली, तर उरतो तो फक्त ठेका.

अनवट
‘फक्त ठेका’ असे म्हणणाऱ्याने कधी त्या लाकडी जमिनीवर टू-स्टेप नाच केलेला नसावा. ‘ति-फेर’ हा ठेक्यासाठी वाजवायचा लोखंडी त्रिकोण घ्या: गवत ओढण्याच्या जुन्या दाताळ्याचे लोखंडी दात वाकवून तो करत. तो हातात धरून कुठे दाबायचा आणि कुठे मोकळा सोडायचा, हे कळण्यास वर्षे लागतात, आणि ते फ्रेंच व्याकरणातून येत नाही.

पोर्टलुईकर
मी मॉरिशसचा. आमचे पूर्वज कोकणातून आले. आता घरात मॉरिशसची क्रिओल ही भाषा चालते आणि मराठी पूजेत व गाण्यांत उरली आहे. गणेश चतुर्थीला मूर्तीपुढे जी गाणी म्हटली जातात, ती म्हणणाऱ्या अनेकांना मराठीत साधा बाजारहाट करता येणार नाही. तरी गाणी दरवर्षी म्हटली जातात, त्यामुळे ‘अर्थ गेला की सारे गेले’ हे मला पटत नाही.

उलट बाजूही सांगतो. आमच्या सेगाला, म्हणजे मॉरिशसच्या लोकसंगीताला आणि नाचाला, भाषेची चिंता नाही, कारण क्रिओल बसमध्ये, बाजारात, भांडणात सर्वत्र आहे. 2012 पासून ती शाळेत ऐच्छिक विषय आहे आणि 2014 मध्ये पारंपरिक सेगाला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. इतके असूनही हॉटेलांत पर्यटकांपुढे घोळदार घागरे फिरवून जो सेगा दाखवला जातो, त्यात शेकोटीवर रावान (चामड्याचा मोठा डफ) तापवून चामडे ताणण्याची गरजच राहिलेली नाही. भाषा धडधाकट असूनही संगीत पातळ होऊ शकते.

शुद्धलेखन
सगळे ‘फ्रेंच’ म्हणत आहेत, पण कोणती? कोडोफिलने फ्रान्स, बेल्जियम आणि कॅनडातून शिक्षक आणले. मुले प्रमाण फ्रेंच शिकली आणि घरी आजीने बोललेले वाक्य त्यांना चुकीचे वाटू लागले. हे भाषा वाचवणे की दुसऱ्यांदा लाजवणे?

शिवाय क्रिओल लोकांची कुरी-विनी ही वेगळी भाषा आहे, बिघडलेली फ्रेंच नव्हे; तिच्यात ‘मी’ला ‘मो’ म्हणतात. ती बोलणारे आता फार थोडे उरले आहेत. 1971 मध्ये विधिमंडळाने बावीस पॅरिशांच्या (जिल्ह्यांच्या) प्रदेशाला ‘अकेडियाना’ नाव दिले आणि जणू सारे काही कॅनडातून हुसकावलेल्या अकेडियनांचेच होते असा समज पसरला. पण ज्याला केजन गायकी म्हणतात, तिचा मोठा भाग अमेदे आर्दवँ या कृष्णवर्णीय क्रिओल वादकापर्यंत जातो. 1929 ते 1934 या काळात त्यांनी ध्वनिमुद्रणे केली, त्यांपैकी अनेकांत डेनिस मगी या गोऱ्या फिडलवादकाची साथ होती. कोरी लेडे यांनी 2023 मध्ये कुरी-विनीतून गायलेला ‘मेदिकामेन’ हा झायडेकोचा संग्रह काढला, त्याचा उल्लेख इथे अद्याप कोणी केला नाही.

दक्षिणवारा
माझ्या मूळ लेखनात क्रिओल भाषेचे नावही नव्हते, ही चूक मान्य. मात्र लेडे यांचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे: झायडेको वाजवणाऱ्या माणसाला इंग्रजीत सुखाने गाता येत असताना आजी-आजोबांच्या भाषेकडे वळावेसे वाटले, ते ठेका पुरला नाही म्हणूनच.

अनवट
किंवा ठेका इतका भक्कम होता, की त्याच्यावर विसरलेली भाषा पुन्हा उभी करता आली. त्या मुलाला दुसऱ्या कडव्याचा अर्थ शेवटी कोणी सांगितला का?

दक्षिणवारा
मी एका फ्रेंच जाणणाऱ्या वृद्ध गृहस्थांना ध्वनिमुद्रण ऐकवले आणि उत्तर त्याला पाठवले. एक अख्खी ओळ तो चुकीची गात होता. ‘मला घेऊन जा’ऐवजी त्याच्या तोंडी अर्थ नसलेली तीन अक्षरे होती. त्याने मनापासून आभार मानले आणि कळवले, की अर्थ आता लक्षात ठेवीन, पण ओळ पूर्वीसारखीच म्हणेन, कारण आजोबाही ती तशीच म्हणत.