मदत हवी आहे: रेड स्केल्टनच्या 'क्लेम'चे रेडिओ भाग

नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेत इंडियाना राज्यात राहतो आणि आमच्या शेजारच्या आजींना आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही, म्हणून टीव्ही बंदच असतो, पण जुना विनोदी नट रेड स्केल्टनचं नाव काढलं की त्यांचा चेहरा एकदम खुलतो. स्केल्टन इथल्याच व्हिन्सेन्सचा, १९१३ चा जन्म. तो रंगवायचा ते क्लेम कॅडिडलहॉपर हे पात्र म्हणजे अगदी भोळाभाबडा खेडवळ गडी, सावकाश हेल काढून बोलणारा, समोरच्याने काहीही विचारलं तरी भलतंच उत्तर देणारा. पुढे १९५१ ते १९७१ अशी वीस वर्षं टीव्हीवर शो चालला, तिथे ती चेपलेली टोपी आणि बावळट हसूही दिसायचं, पण आजींच्या मनात आहे तो रेडिओवरचा क्लेम. मलाही तोच जास्त आवडला, नुसत्या आवाजावर अख्खा माणूस उभा करणं सोपं नाही हो.

तर विचारायचं हे की १९४१ ला सुरू झालेल्या त्या रेडिओ शोचे, अभिनेत्री हॅरिएट हिलियर्ड क्लेमची प्रेयसी डेझी जून व्हायची तेव्हाचे, म्हणजे १९४४ मध्ये स्केल्टन सैन्यात जायच्या आधीचे भाग कोणाकडे आहेत का? इंटरनेट अर्काइव्हवर जे मिळाले त्यात खरखर इतकी आहे की आजींना शब्दच कळत नाहीत. आणि ती खरखर घालवायला एखादं सोपं फ्री सॉफ्टवेअर माहीत असेल तर प्लीज तेही सांगा, पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस आहे, त्याआधी पेनड्राइव्ह भरून द्यायचाय.