जुन्या मोझॅक लादीवर मोठ्या टाइल बसवण्यापूर्वी जमीन सपाट कशी करावी?

उंबरठा:
आमची नाशिकमधील सदनिका १९८९ साली बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. हॉल आणि स्वयंपाकघरात १० इंची मोझॅक लादी असून तिच्यावरच ६०० बाय १२०० मिलिमीटरच्या व्हिट्रिफाइड टाइल बसवण्याचा आमचा विचार आहे. इमारतीला लिफ्ट नाही आणि खालच्या घरी आजारी वृद्ध गृहस्थ आहेत, त्यामुळे लादी फोडणे शक्यतो टाळायचे आहे. हॉलच्या बाल्कनीकडील कोपऱ्यात जमीन सुमारे ४ सूत (म्हणजे अर्धा इंच) खचलेली आहे आणि मधल्या दोन-तीन लाद्या चालताना पोकळ वाजतात. गवंडी म्हणतात की खड्डा असेल तिथे चिकटवायचा माल जास्त टाकू, उंचवटा असेल तिथे कमी, आणि रबरी हातोडीने ठोकून लेव्हल साधू. हे योग्य आहे का? की आधी वेगळा थर देऊन जमीन सपाट करून घ्यावी?

पाणसळ:
जमीन आधीच सपाट करून घ्यावी. टाइल अ‍ॅडहेसिव्ह हे चिकटवण्याचे द्रव्य आहे, भरावाचे नव्हे. त्याचा थर साधारण ३ ते ६ मिलिमीटरचा धरलेला असतो. एकाच टाइलखाली एका टोकाला ४ आणि दुसऱ्या टोकाला १६ मिलिमीटर माल राहिला, तर जाड बाजू सुकताना अधिक आकसते आणि काल जुळवलेली कड आज खाली गेलेली दिसते.

मात्र त्याआधी एक फरक लक्षात घ्यावा, कारण खर्चाचा बराचसा भाग त्यावर ठरतो. सपाटी आणि समपातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १६ फुटांच्या हॉलमध्ये जमीन एकसारखी १० मिलिमीटर उतरत गेली असेल, तर ते डोळ्यांना कळत नाही आणि टाइललाही त्याने काही होत नाही. पण ४ फुटांच्या अंतरात ५ मिलिमीटरचा फुगवटा असेल, तर त्यावर १२०० मिलिमीटरची टाइल डुगडुगणारच. म्हणून संपूर्ण हॉल पाण्याच्या पातळीत आणण्याचा हट्ट धरू नका. २ मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियम पट्टी जमिनीवर सर्व दिशांनी फिरवा आणि तिच्याखाली जिथे ३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे एका सुतापेक्षा जास्त फट दिसेल, तिथे खडूने खूण करून आकडा लिहा. बहुतेक वेळा असे दिसते की दोन उंचवटे घासून काढले की निम्मे भरणे वाचते.

पोकळ वाजणाऱ्या लाद्या मात्र काढाव्याच लागतील. नाण्याने किंवा काठीच्या टोकाने प्रत्येक लादी वाजवून पाहा. जिचा आवाज भद्द येईल ती उचलून खालचा भुसभुशीत माल खरवडा आणि ती जागा पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाने भरा.

सूतगणती:
वरील मताशी मी सहमत आहे; पृष्ठभागाविषयी थोडे सांगतो. इतक्या वर्षांच्या मोझॅकवर पॉलिश, मेण आणि फरशीवर पुसलेल्या तेलकट पाण्याचा थर असतो, आणि त्यावर काहीही धरत नाही. ग्राइंडरने चकाकी पूर्ण घालवावी, धूळ झाडूने नव्हे तर व्हॅक्युमने ओढावी आणि मग जमिनीवर पाण्याचे थेंब टाकून पाहावे. थेंब मण्यासारखा उभा राहिला, तर अजून घासायला हवे. अ‍ॅडहेसिव्हच्या पोत्यावर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक आणि प्रकार छापलेला असतो. सिमेंटच्या कोब्यावर चालणारा साधा प्रकार न घेता, टाइलवर टाइल बसवण्यास चालेल असे स्पष्ट लिहिलेला प्रकार घ्यावा.

वजनाचाही विचार करावा. सिमेंट-वाळूच्या मालाचा २ इंची थर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरतो, आणि निवासी खोल्यांच्या स्लॅबवरील वापराचा भार आयएस ८७५ या इमारतींवरील भारांच्या भारतीय मानकात साधारण २०० किलोच धरलेला आहे. म्हणून जुन्या लादीवर पारंपरिक जाड मालात टाइल बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका.

आणि दारे! लेव्हलिंग, अ‍ॅडहेसिव्ह व टाइल मिळून जमीन पाऊण इंच सहज वर येते. मुख्य दाराची फळी, बाल्कनीचा उंबरा आणि मोरीची नहाणी (पाणी जायची जाळी) ही तिन्ही मापे आधी घ्या, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात बाल्कनीचे पाणी हॉलमध्ये येईल.

गॅलरीतली_तुळस:
मी अभियंता नाही, पण ठाण्यातील घरी ही चूक करून बसले आहे, म्हणून लिहिते. आम्ही आपोआप पसरणारे लेव्हलिंग कंपाउंड वापरले. कारागिराने प्रायमर (वरचा थर नीट धरावा म्हणून आधी लावायचे द्रव्य) न लावता थेट ओतले आणि पोत्यावर दिलेल्या मापापेक्षा जास्त पाणी घातले, कारण त्याला ते लवकर पसरायला हवे होते. आठवडाभरात दोन ठिकाणी पापुद्रा सुटला आणि वरचा भाग नखाने खरवडता येईल इतका भुसभुशीत राहिला. ते सारे काढून पुन्हा करावे लागले. दुसरे म्हणजे हे मिश्रण ताकासारखे पातळ असते. सिंकच्या पाइपाभोवतीची फट बुजवायची राहिली आणि ते थेट खालच्यांच्या स्वयंपाकघरात उतरले. भिंतीच्या कडेने फोमची पट्टी लावा आणि प्रत्येक भोक आधी बुजवा.

पाणसळ:
हे फार उपयुक्त सांगितलेत. त्यात एवढेच जोडतो की अशा कंपाउंडला दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अंदाजे पावणेदोन किलो पावडर लागते. १५ चौरस मीटरच्या हॉलवर सरासरी ४ मिलिमीटर द्यायचे झाल्यास १०० किलोच्या आसपास. कालवल्यावर हाताशी २० मिनिटांच्या आसपासच असतात, तेव्हा एकाने कालवायचे आणि दुसऱ्याने ओतायचे, अशी दोन माणसे हवीत. बाल्कनीकडचा ४ सुतांचा कोपरा मात्र आधी पॉलिमरच्या मालाने भरून घ्या. एवढी जाडी कंपाउंडने एका दमात भरू नका.

उंबरठा:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज पट्टी फिरवून पाहिली. पोकळ लाद्या तीन नव्हे, अकरा निघाल्या, आणि हॉलच्या मधोमध दीड सुताचा एक उंचवटा आहे, जो घासला तर कोपरा सोडून जवळपास काहीच भरावे लागणार नाही. बाल्कनीच्या उंबऱ्याला मात्र जेमतेम एक इंच जागा आहे, त्यामुळे ९ मिलिमीटरपेक्षा जाड टाइल घ्यायची नाही, असे दुकानदाराला कळवले आहे.