केस घरच्या घरी सोनेरी करायला गेलात? काय झालं ते सांगा

माझ्या भाचीची बारावीची परीक्षा संपली आणि घरात एकच विषय सुरू झाला: केस. तिला टोकांना सोनेरी झाक हवी आहे. पार्लरचं ब्लीच नको, केमिकल नको, सगळं स्वयंपाकघरातलं हवं. "मावशी, यात वाईट काय आहे? आपण खातोच की हे सगळं," असं म्हणत तिनं मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ दाखवले. लिंबू, मध, दालचिनी, खायचा सोडा, कॅमोमाइलचा चहा. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून डझनभर लिंबं आणूनसुद्धा ठेवली आहेत.

ती लिंबं बघून मला माझा पंचवीस वर्षांपूर्वीचा मे महिना आठवला. राजारामपुरीतल्या आमच्या घराची गच्ची, दुपारी बाराची वेळ. वाटीभर रस पिळला, कापसाच्या बोळ्यानं भांगाजवळच्या आणि कपाळावरच्या बटांना चोपडला आणि उन्हात दोन तास बसले. तिसऱ्या दिवशी कपाळावर लाल पट्टे उठले. मला वाटलं उष्णता बाहेर पडतेय, म्हणून थांबले नाही. सहा दिवस केलं. केस बदलले खरे, पण सोनेरी नाही. नारळाच्या शेंडीसारखे तांबूस आणि तितकेच राठ. कंगव्यात तुकडे यायचे. मुळापासून गळलेले केस नव्हेत, मधूनच तुटलेले.

कपाळाचं त्याहून वाईट झालं. रस जिथून जिथून ओघळला होता, बरोबर त्याच वाटेनं कानाच्या पाळीपर्यंत पाणी भरलेले फोड आले आणि फोड बसल्यावर काळपट तपकिरी रेघा राहिल्या. बोटांच्या बेचक्यातही डाग. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "लिंबू पिळून उन्हात गेली होतीस का?" लिंबाच्या सालीत आणि रसात असं द्रव्य असतं की ते अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजून निघते. ही ॲलर्जी नव्हे, कोणालाही होऊ शकतं, असं ते म्हणाले. त्या रेघा दिवाळीपर्यंत गेल्या नाहीत.

भाचीला नुसतं "नको" म्हणायचं नाहीये मला. तुम्ही काय लावलंत, किती वेळा, तुमचा मूळ रंग काय होता आणि महिन्याभरानं केस कसे राहिले, ते लिहा. चांगलं झालं असेल तर तेही लिहा.

*

कसबा बावडा, पार्लर चालवते

१९ वर्षं या धंद्यात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. मुलींना वाटतं, काळा रंग उतरला की खाली सोनेरी असतो. तसं नसतं. आपल्या केसात दोन रंगद्रव्यं असतात. एक गडद, युमेलानिन, आणि दुसरं तांबूस-पिवळं, फिओमेलानिन. रंग उतरवायला लागलं की गडद आधी तुटतं आणि तांबूस मागे राहतं. म्हणून आपला काळा केस आधी तपकिरी होतो, मग विटकरी, मग नारिंगी, आणि त्यानंतर कुठे पिवळा. पार्लरमध्ये ब्लीच पावडर आणि डेव्हलपर, म्हणजे त्यात कालवायचं पेरॉक्साइड, वापरूनसुद्धा याच पायऱ्या उतराव्या लागतात. लिंबू पहिल्या पायरीवरच थांबतं. व्हिडिओतल्या त्या बाईचे केस मुळातच फिके असतात, तिला एकच पायरी उतरायची असते.

दुसरी गोष्ट या पेरॉक्साइडची, म्हणजे रंग उतरवणाऱ्या द्रवाची. लोक ते घरचंच समजतात, कारण औषधाच्या दुकानात मिळतं. आमच्याकडे त्याची ताकद व्हॉल्यूममध्ये सांगतात: २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के आणि ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के. ४० व्हॉल्यूम मी टाळूजवळ कधीच लावत नाही. एकदा एक ताई आल्या, "घरी फक्त मेंदी लावते" म्हणाल्या. मी सवयीनं मानेवरची छोटी बट कापून कपातल्या पेरॉक्साइडमध्ये टाकली. थोड्या वेळात कप हाताला गरम लागायला लागला आणि बट चिकट झाली. त्यांची ती मेंदी धातूचे क्षार घातलेली काळी पावडर होती. तेच डोक्यावर झालं असतं तर काय, हा विचार आजही मनातून जात नाही. कोणी काहीही करा, पण आधी एक बट कापून बघा, आणि कानामागे लावून दोन दिवस वाट बघा.

*

गारगोटीची मुलगी, सध्या कोल्हापुरात होस्टेलवर

मी मध लावलो. माझे केस लहानपणापासूनच भुरे आहेत, हे आधी सांगतो. पैल्यांदा मध गरम करून लावलो, चार वेळा, कायच फरक पडला नाही. सुट्टीत पाटगावला मामाकडं गेलो. मधाचं गाव म्हणून माहीत असेल तुम्हाला, मामाकडं सातेरी माश्यांच्या पेट्या आहेत. मामा म्हणाला, "मध तापवलास की मेला." मधात एक एंझाइम असतं, पाणी मिसळलं की त्यातनं अगदी थोडं थोडं पेरॉक्साइड तयार होतं, आणि तापवला की ते एंझाइमच जातं. मग मी एक वाटी मधाला चार वाट्या पाणी घेऊन, केस ओले करून, टोपी घालून दीड तास बसायचो. आठवड्यातनं दोनदा, एक महिना. शेवटी मैत्रिणीनं उन्हात बघून सांगितलं की थोडे उजळलेत. सावलीत कायच दिसत नाही. पण केस मऊ राहिले, तुटले नाहीत. नीट धुवा मात्र, एकदा घाईत धुतलो आणि सकाळी उशीवर मुंग्यांची रांग.

*

दालचिनीवाल्यांसाठी, शाहूपुरीतून

तीन चमचे दालचिनी पूड कंडिशनरमध्ये कालवून लावली होती. रात्रभर ठेवा असं सांगितलेलं. दहाव्या मिनिटाला टाळूला ठेचा चोळल्यागत झालं. धुतल्यावरही रात्री दोनपर्यंत ओला टॉवेल डोक्याला गुंडाळून बसले होते. नंतर आठवडाभर टाळूचे पापुद्रे निघत होते. केसाचा रंग आहे तसाच. दालचिनीचा जो झणझणीतपणा आहे तोच कातडीला पोळतो. डोळ्यांपासून तर फारच लांब ठेवा.

*

करवीर तालुका, आमचं गुऱ्हाळ आहे

मी सोडा आणि लिंबू एकत्र करून लावलं होतं. फस्स करून फेस आला तेव्हा वाटलं, आता काम होणार. मुलगा दहावीत होता, त्यानं रसायनशास्त्राचं पुस्तक पुढं ठेवलं: आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, उरतं ते खारट पाणी. मग नुसता सोडा लावला. त्यानं केस उघडल्यासारखे झाले, सुंभासारखे खरखरीत. तेल लावलं तरी वरवर राहायचं. नंतर कळलं की केसाला थोडं आम्लच मानवतं आणि सोडा त्याच्या बरोबर उलटा.

पण मला सांगायचंय ते गुळाचं. आमच्या सासऱ्यांच्या काळापासून काहिलीत उकळत्या रसाला भेंडीचं पाणी देतात. त्यानं मळी वर येते, ती काढली की रस स्वच्छ होतो आणि गुळाला आपला म्हणून जो रंग आहे तो येतो. बाजारात मात्र पिवळाधमक गूळ लवकर उठतो, म्हणून कितीतरी ठिकाणी हायड्रॉस नावाची रंग उतरवणारी पावडर टाकतात. आधणातच रंग झर्रकन उतरतो, ढेप बघत राहावी अशी दिसते. तीच ढेप दोन-तीन महिने ठेवा, काळी पडत जाते. सासरे असल्या ढेपेला नखानं खरवडायचे आणि काही न बोलता बाजूला ठेवायचे. माझ्या खरखरीत केसांवरून हात फिरवताना मला ते खरवडणं आठवायचं. आमच्याकडे रंग उजळायचा म्हणजे आधी घाण काढायची. केसांच्या बाबतीत मी घाण सोडून भलतंच काढत बसले होते.

*

मंगळवार पेठ

बायकांच्यात बोलतोय, चालेल ना ताई? मी काहीच न लावता केस तांबडे झालेला माणूस आहे. लहानपणी गावाकडं विहिरीत पोहलो, पंचगंगेत पोहलो, तालमीत हौद्यात लोळलो. तालमीच्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल सगळं असतं, पण केसाला काही झालं नाही. अर्थात तेव्हा केस होतेच बोटभर. पुढं केस वाढवले आणि जलतरण तलावावर रोज सकाळी जायला लागलो. वर्षभरात टोकं तांब्याच्या तारेसारखी. तलावातल्या क्लोरीनचा परिणाम. सरांनी सांगितलेला उपाय करतोय तो असा: तलावात उतरण्याआधी शॉवरखाली केस साध्या पाण्यानं चिंब करायचे आणि खोबरेल चोळायचं. केस आधीच पाणी प्यायला की तलावाचं पाणी कमी घेतो. फरक पडलाय. भाचीला सांगा, लोक हा रंग घालवायला धडपडतात.

*

कॅमोमाइल, एका ओळीत

चार महिने, दर रविवारी, कडक काढा करून. माझ्या काळ्याभोर केसांवर शून्य. त्या फुलात पिवळा रंग असतो, तो फिक्या केसावर चढतो, काळ्यावर दिसणार कुठे?

*

उत्तरेश्वर पेठ

माझी गोष्ट ब्लीचची नाही, ब्लीच केल्यानंतरची आहे. घरीच पेरॉक्साइडनं पुढच्या दोन बटा पिवळ्या केल्या होत्या. खरं सांगते, छान दिसत होत्या. त्यानंतर पंधरा दिवसांनी जोतिबाची चैत्र यात्रा. दरवर्षी आम्ही जातोच, सासनकाठ्या नाचतात, गुलालानं डोंगर गुलाबी होतो आणि आपणही. घरी येऊन न्हाले, बाकीचे केस दोन पाण्यात स्वच्छ. त्या दोन बटा मात्र गुलाबी त्या गुलाबीच. शाम्पू, तेल, दही, बेसन, सगळं झालं. रंग उतरवलेला केस आतून पोकळ होतो, जे मिळेल ते शोषून घेतो, असं पार्लरवाल्या ताईंनी सांगितलं. बँकेत नोकरी, समोर रोज माणसं. दीड महिन्यानं कापूनच टाकल्या. गुलाल देवाचा, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण यात्रा, रंगपंचमी तोंडावर असताना हे करू नका.

*

अंगणवाडी सेविका, शाहूवाडीकडची

विषय थोडा वेगळा आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे एक आई कौतुकानं सांगायची, "आमच्या पोरीचे केस बघा कसे आपोआप सोनेरी झालेत, गोऱ्या बाळासारखे." पोर अडीच वर्षांची. केस विरळ, कोरडे, ओढले की सहज हातात येणारे. मी दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली तर ११.५ सेंटीमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषण. अंगाला प्रथिनं मिळाली नाहीत की केसाचा काळा रंग असा जातो. पोरीला लगेच दवाखान्यात पाठवलं, आहार सुरू झाला. काही महिन्यांनी तिचे केस विंचरताना मुळाशी काळा पट्टा दिसला, वर भुरा आणि खाली काळा. तो काळा पट्टा बघून मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. लहान मुलाचे केस काही न लावता भुरे होत असतील तर कौतुक करत बसू नका, वजन करून घ्या.

*

वय ६२, रंकाळ्याजवळ

माझा प्रश्न उलटा. पांढऱ्या केसांना मेंदी लावते. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवते म्हणजे गडद होते. यावेळी कात जास्त पडला आणि फारच गडद झाली. फिकी कशी करू? कोमट तेल लावून ठेवते, टॉवेलला थोडा रंग येतो, इतकंच.

*

कसबा बावडा, पार्लर चालवते

काकू, मेंदीचा रंग केसाच्या प्रथिनाला धरून बसतो, तो काढायला जाऊ नका. तेल चालू ठेवा, मूळ वाढेल तसं पुढच्या वेळी कात घालू नका. आणि ब्लीच अजिबात नको, कोणी कितीही सांगितलं तरी.

*

राजारामपुरी, जिनं विचारलं ती

सगळं भाचीला मोठ्यानं वाचून दाखवलं. दालचिनीला हसली, अंगणवाडीच्या पोरीच्या वेळी गप्प झाली. जोतिबाच्या गुलालापाशी आल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं, कारण यंदा आम्हीही जाणार आहोत.

तिचे केस माझ्यासारखेच काळेभोर आहेत, गारगोटीच्या मुलीसारखे भुरे नाहीत. तरी तिला करून बघायचंच आहे आणि मला तिचा हट्ट मोडायचा नाहीये. म्हणून असं ठरलं: फक्त मध आणि पाणी, न तापवता, आणि तेही मानेजवळच्या एकाच आतल्या बटेवर. तिच्या शेजारची तेवढीच बट तशीच ठेवायची, म्हणजे महिन्यानं दोन्ही उन्हात धरून बघता येतील. बट सापडावी म्हणून मी देवघरातला लाल दोरा बांधला आहे. लिंबं मी सकाळीच चिरून मीठ लावून बरणीत भरली. आज पहिला दिवस. ती टोपी घालून खिडकीत बसली आहे.