नववीचं बीजगणित वर्षभरात कसं बसवायचं?

प्रश्न: यंदा पहिल्यांदाच नववीला बीजगणित घेतेय, स्टेट बोर्ड. संच ते सांख्यिकी ७ प्रकरणं आहेत, पण निम्म्या मुलांना अजून −३ − ५ म्हणजे −८ की +८ हेच कळत नाहीये, मग जूनमध्ये थेट संच सुरू करू की आधी आठवीचं घेऊ? पोर्शन मागे पडेल याची भीती वाटते.

उत्तर: ताई, पहिले २ आठवडे बिनधास्त उजळणीला द्या, चिन्हं, कंस, विस्तार सूत्रं आणि अवयव. संच सोपा आहे, तो नंतर पटकन होतो. खरा वेळ बहुपदीला ठेवा, तिथे अवयव कच्चे राहिले की दहावीला वर्गसमीकरणं जड जातात.

उत्तर: सहमत. शिवाय दोन चलांतील रेषीय समीकरणं घाईत उरकू नका, दहावीचं पहिलं प्रकरण तेच आहे. मी बिलानं सुरू करते, २ वडापाव १ चहा ५० रुपये, १ वडापाव १ चहा ३०, मुलं एक्स-वाय न लिहिताच वडापाव २० चा म्हणून ओरडतात, मग तीच वजाबाकी फळ्यावर मांडायची.

प्रश्नकर्ती: हे उद्याच करते! बचत-कराचं अर्थनियोजन प्रकरण कधी घेऊ?

उत्तर: दिवाळीनंतर, शेकडेवारी पक्की करून मगच.